वाटाण्याच्या बागेंतील संशोधक : ग्रेगर मेंडेल

मनुष्याच्या कार्याचें मोल कोणत्या मापानें ठरवावें, हा प्रश्न फार जुना आहे. व्यापाऱ्याचें यश त्याच्या खतावणीवरून कळतें, शेतकऱ्याचें खळ्यावरील राशीवरून कळतें. परंतु शास्त्रज्ञाचें कशावरून कळावें? विद्वानांच्या जगांत यासाठीं दोन मापें रूढ झालीं आहेत. पहिलें माप हें कीं, त्यानें किती निबंध प्रसिद्ध केले. आणि दुसरें हें कीं, इतर संशोधकांनीं आपल्या लेखनांत त्या निबंधांचा आधार किती वेळां घेतला. या दुसऱ्या मापास पुढें इतकें महत्त्व आलें कीं, १९६४ साली अमेरिकेंत यूजीन गारफील्ड यांनीं अशा उल्लेखांची मोठी सूची छापण्यास आरंभ केला, आणि आज त्या मोजणीचा विचार संशोधकांच्या नेमणुकींत व बढतींतही केला जातो. हींच दोन मापें हातीं घेऊन आपण आज अशा एका पुरुषाचें चरित्र पाहूं, ज्याच्या बाबतींत तीं दोन्ही मापें त्याच्या हयातींत अगदीं रिकामीं राहिलीं, आणि तरीही ज्याच्या एका निबंधानें पुढें अनेक शास्त्रांचा पायाच बदलून टाकला. हा पुरुष म्हणजे धर्मगुरु ग्रेगर मेंडेल.

मेंडेल यांचा जन्म २० जुलै १८२२ रोजीं ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांतील सायलीशिया प्रांतांत, हाइनझेनडॉर्फ नांवाच्या लहानशा खेड्यांत झाला. हें खेडें आज चेक प्रजासत्ताकांत आहे. त्यांचें मूळचें नांव योहान; ग्रेगर हें नांव त्यांस पुढें मठांत मिळालें. बापाचें नांव आंतोन व आईचें रोझिने. घरची शेती थोडी, आणि त्या काळच्या वेठीच्या चालीप्रमाणें आंतोन यास आठवड्यांतून तीन दिवस जमीनदाराच्या शेतावर राबावें लागे. उरलेल्या वेळांत तो आपल्या बागेंतील फळझाडांवर कलमें बांधी, आणि छोटा योहान त्याच्या हाताखालीं काम करी. झाडांची आवड त्यास अशी बापाच्या मातीनें मळलेल्या हातांतूनच मिळाली.

मुलाची बुद्धि पाहून गांवच्या शिक्षकांनीं त्यास पुढें शिकविण्याचा आग्रह धरला. १८३४ सालीं तो ट्रॉपाऊ येथील हायस्कुलांत दाखल झाला. आईबापांस खाणावळीचे पुरे पैसे भरतां येत नसत, म्हणून अर्ध्या जेवणाचीच व्यवस्था केली होती. अधूनमधून घरून भाकरी व लोणी येई, त्यावर बाकीची भूक भागवावी लागे. १८३८ सालीं वेठीचें काम करीत असतां बापाच्या छातीवर लाकडाचा ओंडका पडला व तो कायमचा अधू झाला. त्या वेळेपासून सोळा वर्षांच्या योहानास शिकवण्या करून आपलें पोट स्वतःच भरावें लागलें. पुढें घरची शेती थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या नांवें झाली. अशा प्रसंगीं धाकटी बहीण तेरेझिया हिनें आपल्या लग्नासाठीं राखून ठेविलेल्या हिश्शांतील कांहीं भाग भावाच्या शिक्षणास देऊन टाकला. बहिणीचें हें ऋण मेंडेल कधीं विसरले नाहींत. पुढें हातीं पैसा आल्यावर त्यांनीं तिच्या तीन्ही मुलांचें शिक्षण केलें, व त्यांपैकीं दोघे डॉक्टर झाले.

ऑलोमौट्स येथील शिक्षण कसेंबसें पुरें झालें, परंतु त्यापुढील वाट बंद होती. तेव्हां तेथील पदार्थविज्ञानाचे अध्यापक फ्रांझ यांच्या शिफारशीनें ९ ऑक्टोबर १८४३ रोजीं योहान मेंडेल यांनीं ब्रनो शहरांतील संत थॉमस यांच्या ऑगस्टिनियन मठांत प्रवेश केला. आपल्या परिस्थितीनेंच हा मार्ग ठरविला, असें त्यांनीं पुढें स्वतः लिहिलेल्या अल्पशा आत्मवृत्तांत प्रांजळपणें नमूद केलें आहे. परंतु परिस्थितीनें निवडलेली ही जागा त्यांच्या प्रवृत्तीस फार अनुकूल ठरली. तेथें मोठें ग्रंथालय होतें, बाग होती, आणि मठाधिपति सिरिल नाप हे स्वतः विद्येचे चाहते होते. ब्रनो हें लोकरीच्या कापडाचें मोठें केंद्र असल्यामुळें चांगल्या लोकरीच्या मेंढ्यांची पैदास कशी करावी, याची चर्चा तेथील बागाईतदार व मेंढपाळ यांच्यांत नेहमीं चाले. आईबापांचे गुण संततींत कोणत्या रीतीनें उतरतात, हा प्रश्न नाप यांच्याही मनांत पूर्वींपासून घोळत होता.

१८४७ सालीं मेंडेल यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली. परंतु आजारी व मरणोन्मुख माणसांच्या बिछान्यापाशीं जातांना त्यांच्या कोमल मनास इतकी यातना होई कीं, ते स्वतःच अंथरुणास खिळले. नाप यांनीं ही अडचण ओळखून १८४९ सालीं त्यांस झ्नाइम गांवीं शाळेंत बदली शिक्षक म्हणून पाठविलें. तेथें ते विद्यार्थ्यांस व सोबत्यांस फार आवडले. मात्र कायम शिक्षक होण्यासाठीं सरकारी परीक्षा द्यावी लागे, व १८५० सालीं ते तींत नापास झाले. ज्या पुरुषास पुढें एका संपूर्ण शास्त्राचा जनक म्हणावयाचें, त्याचा प्राणिशास्त्राचा पेपर परीक्षकांस पसंत पडला नाहीं! परंतु या अपयशांतूनच एक लाभ झाला. नाप यांनीं मठाच्या खर्चानें त्यांस १८५१ ते १८५३ पर्यंत व्हिएन्नाच्या विश्वविद्यालयांत पाठविलें. तेथें डॉप्लर यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञांपाशीं ते पदार्थविज्ञान शिकले, गणिताची मोजणी शिकले, व उंगर यांच्यापाशीं वनस्पतिशास्त्र शिकले. प्रयोग कसा आंखावा व आंकड्यांकडून उत्तर कसें काढून घ्यावें, ही विद्या घेऊन ते ब्रनोस परतले. १८५६ सालीं त्यांनीं तीच परीक्षा पुन्हां देऊन पाहिली. त्याही वेळीं यश आलें नाहीं. शाळेंत ते १८५४ पासून १८६८ पर्यंत शिकवीत होते, परंतु अखेरपर्यंत परीक्षा न उतरलेले शिक्षक म्हणूनच.

त्याच वर्षीं, म्हणजे १८५६ सालीं, मठाच्या भिंतीलगतच्या सुमारें ३५ मीटर लांब व ७ मीटर रुंद अशा जमिनीच्या पट्ट्यांत त्यांनीं आपल्या मुख्य प्रयोगास आरंभ केला. त्यासाठीं त्यांनीं वाटाणा निवडला. ही निवड विचारपूर्वक होती. वाटाण्याचें फूल मिटलेलें असल्यामुळें त्यांत बाहेरचे परागकण सहसा शिरत नाहींत. तें आपल्याच परागांनीं फळतें. त्यामुळें उंच जातीचा वाटाणा पिढ्यान् पिढ्या उंचच राहतो, आणि ठेंगण्या जातीचा ठेंगणाच. मेंडेल यांनीं ३४ जाती आणून दोन वर्षें नुसत्या पारखल्या व त्यांतील २२ ठेविल्या. मग दाणा गोल कीं सुरकुतलेला, पिवळा कीं हिरवा, झाड उंच कीं ठेंगणें, अशीं सात लक्षणें त्यांनीं ठरविलीं. एका जातीची कळी उमलण्यापूर्वींच उघडून तिच्यांतील पुंकेसर चिमट्यानें काढून टाकावयाचे, दुसऱ्या जातीच्या फुलांतील पराग तिच्यावर टाकावयाचे, आणि वर कागदाची किंवा कापडाची पिशवी बांधावयाची. असें हें नाजूक काम ते आठ वर्षें करीत होते. या काळांत त्यांच्या नजरेखालून सुमारें २८,००० झाडें गेलीं.

या मेहनतीचें फळ काय, तें एका उदाहरणानें सांगतों. गोल दाण्याच्या व सुरकुतलेल्या दाण्याच्या जातींचा संकर केला असतां पहिल्या पिढींत सर्व दाणे गोलच आले. सुरकुतलेपणा जणूं नाहींसा झाला. पूर्वींचे बहुतेक लोक येथेंच थांबले असते. मेंडेल यांनीं ते गोल दाणे पेरले, व त्यांच्या २५३ झाडांपासून आलेले ७,३२४ दाणे एक एक करून मोजले. त्यांत ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे तीनास एक. पिवळ्या व हिरव्या दाण्यांची मोजणी केली, तर ६,०२२ पिवळे व २,००१ हिरवे. पुन्हां तीनास एक. एवढ्यावरही समाधान न मानतां त्यांनीं त्या गोल दाण्यांपैकीं ५६५ झाडें वाढविलीं. त्यांतील १९३ झाडांस केवळ गोल दाणे आले, आणि ३७२ झाडांस पुन्हां गोल व सुरकुतलेले असे मिश्र दाणे आले. म्हणजे वरून सारखे दिसणारे गोल दाणे आंतून सारखे नव्हते. तिघांतील एकच शुद्ध होता.

यावरून मेंडेल यांनीं अनुमान काढलें, तें असें : प्रत्येक लक्षणासाठीं जिवांत दोन घटक असतात, एक बापाकडून आलेला व एक आईकडून आलेला. ते एकमेकांत दुधांत पाणी मिसळावें तसे मिसळून जात नाहींत. जोडीनें राहतात, आणि पुढची पिढी निर्माण होतांना पुन्हां वेगळे होतात. एक घटक प्रभावी असला तर दुसरा झांकला जातो, परंतु नष्ट होत नाहीं. योग्य जोडी मिळतांच नातवाच्या पिढींत तो जसाच्या तसा प्रकट होतो. या घटकांस पुढें जनुक असें नांव मिळालें. आजोबांचा चेहरा नातवांत दिसतो, हें आपल्या घरांतील म्हाताऱ्या माणसांस पूर्वींपासून ठाऊक होतें. त्यामागचा हिशेब मेंडेल यांनीं प्रथम मांडला.

८ फेब्रुवारी व ८ मार्च १८६५ या दोन सायंकाळीं मेंडेल यांनीं ब्रनोच्या निसर्गशास्त्र मंडळापुढें आपला निबंध वाचला. १८६६ सालीं तो मंडळाच्या वार्षिक अंकांत सुमारें ४५ पानांत छापून निघाला. तो अंक युरोपांतील शंभराहून अधिक संस्थांस गेला. लंडनच्या रॉयल सोसायटीसही गेला. मेंडेल यांनीं शिवाय निबंधाच्या ४० स्वतंत्र प्रती काढवून घेतल्या व कांहीं नामांकित शास्त्रज्ञांस पाठविल्या. त्यानंतर जें झालें, त्यास शांतता याहून दुसरा शब्द नाहीं. १९०० सालापर्यंतच्या ३४ वर्षांत त्या निबंधाचा उल्लेख डझन-दीड डझन ठिकाणींच सांपडतो, व त्यांतही बहुतेकांनीं त्यांतील मुख्य गोष्ट ओळखली नाहीं. १८६९ सालीं हॉफमन यांनीं आपल्या पुस्तकांत मेंडेल यांचें नांव घेतलें. तें पुस्तक डार्विन यांच्या संग्रहीं होतें, परंतु मूळ निबंध त्यांच्या हातीं पडला नाहीं. उलटपक्षीं मेंडेल यांनीं मात्र डार्विन यांचा जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ जर्मन भाषेंत पेन्सिलीच्या खुणा करून वाचला होता. १८८१ सालीं फोके यांनीं वनस्पतींच्या संकरावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यांत मेंडेल यांच्या संख्याप्रमाणांचा ओझरता निर्देश केला, इतकेंच.

हें दुर्लक्ष कां झालें? द्वेषामुळें झालें, असें म्हणतां येत नाहीं. त्या काळीं वनस्पतिशास्त्री लोक झाडांचें वर्णन करीत, त्यांचें गणित करीत नसत. बीजगणिताच्या अक्षरांनीं भरलेला निबंध त्यांस परका वाटला. शिवाय पेशींच्या आंत काय घडतें, याचें ज्ञान तेव्हां फार अपुरें होतें. म्हणून मेंडेल यांचे घटक कोठें राहतात, हें कोणास दाखवितां येत नव्हतें. आणि मेंडेल यांनींही आपल्या शोधाचा डंका पिटला नाहीं. ज्या एका विद्वानाशीं त्यांचा पत्रव्यवहार झाला, ते म्यूनिकचे प्राध्यापक नेगेली होत. १८६६ पासून १८७३ पर्यंत मेंडेल त्यांस मोठ्या आदरानें लिहीत राहिले. नेगेली यांस वाटाण्याचें महत्त्व पटलें नाहीं. त्यांचें लक्ष हॉकवीड नांवाच्या पिवळ्या फुलांच्या रानटी वनस्पतीवर होतें. मेंडेल यांनीं तिच्यावरही प्रयोग केले. तीं फुलें इतकीं बारीक कीं, आरसा व भिंग लावून काम करतां करतां त्यांच्या डोळ्यांस विकार जडला. आणि एवढें करून तीनास एक हें प्रमाण तेथें मिळेना. कारण ही वनस्पति पुष्कळदां परागांवांचूनच बी धरते, हें त्या वेळीं कोणासच ठाऊक नव्हतें. तें विसाव्या शतकाच्या आरंभीं उघडकीस आलें. मेंडेल यांनीं हा प्रतिकूल निकालही लपविला नाहीं. १८७० सालीं तो छापून दिला. संकरावरील त्यांचे निबंध एवढे दोनच.

परंतु मेंडेल यांची जिज्ञासा केवळ वाटाण्यापुरती नव्हती. तरुणपणीं त्यांनीं मुळ्याचा नाश करणाऱ्या अळीवर व वाटाण्यांत शिरणाऱ्या भुंगेऱ्यावर टिपणें लिहिलीं होतीं. १८५७ पासून ते ब्रनोच्या हवामानाची नोंद ठेवूं लागले, व उष्णमान, पाऊस आणि वारा यांचीं कोष्टकें त्यांनीं वर्षानुवर्षें तयार केलीं. हवामानावरील त्यांचे निबंध संख्येनें वाटाण्यावरील लेखनाहून अधिक आहेत. विहिरींतील पाण्याची पातळी व सूर्यावरील डाग यांच्याही नोंदी ते ठेवीत. १३ ऑक्टोबर १८७० रोजीं ब्रनो शहरावर भयंकर वावटळ आली. मठाचीं कौलें उडालीं. मेंडेल यांनीं त्या गोंधळांतही तिची दिशा व फिरण्याची रीति टिपून ठेविली, आणि विरुद्ध दिशांच्या वाऱ्यांच्या संघर्षांतून असा भोंवरा उत्पन्न होतो, अशी उपपत्ति १८७१ सालीं मांडली. त्या निबंधाकडेही कोणी फारसें पाहिलें नाहीं. मधमाशा पाळून त्यांच्या जातींचा संकर करण्याचाही त्यांनीं प्रयत्न केला. परंतु राणीमाशीचें मीलन उडतांना मोकळ्या हवेंत होत असल्यामुळें तो साधला नाहीं. यश येवो वा न येवो, रोजची नोंद रोज करावयाची, हा त्यांचा नेम मात्र कधीं ढळला नाहीं.

१८६८ सालीं मठाच्या बांधवांनीं त्यांस मठाधिपति निवडलें. मानाबरोबर कामही आलें, आणि बागेंतील वेळ दिवसेंदिवस कमी होत गेला. १८७४ सालीं सरकारनें मठांवर नवा कर बसविला. तो अन्यायाचा आहे, अशी मेंडेल यांची खात्री असल्यामुळें त्यांनीं तो भरण्याचें नाकारलें, व या झगड्यांत त्यांचीं अखेरचीं वर्षें कडू झालीं. मूत्रपिंडाच्या विकारानें ६ जानेवारी १८८४ रोजीं ते वारले. अंत्यविधीच्या वेळचें संगीत ब्रनोचे तरुण संगीतकार यानाचेक यांच्या हाताखालीं झालें. गरिबांचा कैवारी, फुलझाडांचा शौकीन व सज्जन मठाधिपति गेला, म्हणून शहर हळहळलें; एक थोर शास्त्रज्ञ गेला, असें त्या गर्दींत कोणास वाटलें नाहीं. त्यांचे बरेचसे कागद मठांत जाळून टाकण्यांत आले. त्याच वर्षीं नेगेली यांनीं आनुवंशिकतेवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत मेंडेल यांचें नांवही नव्हतें.

पुढें सोळा वर्षें गेलीं. १९०० सालच्या वसंत ऋतूंत हॉलंडचे द फ्रीस, जर्मनीचे कोरेन्स व ऑस्ट्रियाचे चेर्माक या तिघांनीं आपापल्या प्रयोगांवर निबंध छापले; आणि आपल्याआधीं ३४ वर्षें हीच वाट कोणी चालून गेला आहे, हें त्यांस जुनीं पुस्तकें चाळतांना आढळून आलें. कोरेन्स हे नेगेली यांचेच शिष्य. त्यांनीं आपल्या निबंधाच्या मथळ्यांतच मेंडेल यांचें नांव घालून शोधाचा मान ज्याचा त्यास दिला. १९०१ सालीं मूळ निबंधाचें इंग्रजी भाषांतर झालें, आणि इंग्लंडांत बेटसन यांनीं त्याचा हिरीरीनें प्रसार केला. या नव्या शास्त्रास त्यांनींच नांव दिलें.

यानंतर त्या निबंधाचा प्रवास एका क्षेत्रांतून दुसऱ्या क्षेत्रांत किती वेगानें झाला, तें पाहण्यासारखें आहे. १९०२ सालीं लंडनचे डॉक्टर गॅरॉड यांनीं मूत्र काळें पडण्याचा एक दुर्मिळ रोग मेंडेल यांच्याच नियमानें घराण्यांत उतरतो, हें दाखविलें. येथें तो वैद्यकांत शिरला. १९०५ सालीं केंब्रिजचे बिफेन यांनीं गव्हाची तांबेऱ्यास तोंड देण्याची शक्तिही तोच नियम पाळते, असें सिद्ध केलें. येथें तो शेतींत उतरला. १९०८ सालीं हार्डी या गणितज्ञानें एका संपूर्ण समाजांत हे घटक कोणत्या प्रमाणांत राहतात, त्याचें समीकरण मांडलें. १९१० सालीं मनुष्याचे रक्तगटही याच रीतीनें वारशानें येतात, हें कळून आलें. आणि त्याच सुमारास अमेरिकेंत मॉर्गन यांनीं फळांवरील माशीवर प्रयोग करून मेंडेल यांचे घटक पेशींतील रंगसूत्रांवर राहतात, हें दाखविण्यास आरंभ केला. १९१८ सालीं फिशर यांनीं मेंडेल यांचा नियम व डार्विन यांचा सिद्धांत यांची संख्याशास्त्रानें सांगड घातली. आणि १९९० सालीं वाटाण्याचा दाणा सुरकुततो कां, याचें मूळ कारणही सांपडलें : पिष्ट तयार करणाऱ्या एका जनुकांतील बिघाड.

हा नियम आपल्यापासून दूर राहिलेला नाहीं. विदर्भांत व नंदुरबारकडील आदिवासी वस्त्यांत सिकल सेल नांवाचा रक्ताचा रोग पुष्कळ आढळतो. त्याच्या वारशाची रीति १९४९ सालीं स्पष्ट झाली. आई व बाप दोघेही वरून धडधाकट असून दोघांच्याही अंगीं त्या रोगाचा एक एक घटक लपलेला असेल, तर त्यांच्या प्रत्येक अपत्यास तो रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणजे मठाच्या बागेंतील तोच हिशेब. लग्नापूर्वीं रक्त तपासून घ्या, असें आरोग्यसेवक खेड्यांतील तरुणांस सांगतात, तें याच आधारावर. तेथें कोणी मेंडेल यांचें नांव घेत नाहीं. परंतु उपयोग त्यांच्याच कार्याचा होतो. ज्या उल्लेखाची नोंद कोणत्याही सूचींत होत नाहीं, असाही एक उल्लेख असतो, तो हा.

येथेंच चरित्र संपविलें, तर तें अपुरें राहील. कारण नांव गाजलें म्हणजे त्याचा उपयोग चांगलाच होतो, असें नाहीं. मनुष्याचे सर्व गुणदोष वाटाण्याच्या दाण्यासारखे सरळ उतरतात, असा खोटा समज करून घेऊन अमेरिकेंतील कांहीं संस्थानांनीं १९०७ पासून, व पुढें १९३३ सालीं हिटलरच्या जर्मनीनें, दुर्बळ ठरविलेल्या माणसांची संतति बळजबरीनें बंद करण्याचे कायदे केले. त्या लेखनांतही मेंडेल यांचें नांव वारंवार येई. रशियांत याच्या उलट झालें. तेथें या शास्त्राचा पुरस्कार करणारे थोर वनस्पतिशास्त्री वाव्हिलोव्ह १९४३ सालीं तुरुंगांत मरण पावले, आणि १९४८ सालीं लायसेंको यांच्या आग्रहानें तें शास्त्रच निषिद्ध ठरलें. मेंडेल यांचें नांव तेथें शिवीसारखें वापरण्यांत येऊं लागलें. १९५० सालीं ब्रनोचा मठही सरकारनें बंद केला. परंतु कायद्यानें वाटाण्याचें प्रमाण बदललें नाहीं. १९६५ सालीं, निबंध वाचल्यास शंभर वर्षें झालीं तेव्हां, त्याच ब्रनो शहरांत देशोदेशींचे शास्त्रज्ञ मेंडेल यांच्या स्मरणार्थ जमले.

स्वतः मेंडेल यांच्या आंकड्यांचीही परीक्षा झाली आहे. १९३६ सालीं फिशर यांनीं हिशेब करून दाखविलें कीं, हे आंकडे अपेक्षित प्रमाणाच्या नेहमींपेक्षां अधिक जवळ आहेत. त्यावरून पुष्कळ वाद झाला. कोणी त्यास मोजणाऱ्याचा नकळत झालेला कल म्हणतात, कोणी निवडक प्रयोगच छापल्याचा परिणाम मानतात. पण ज्यांनीं ज्यांनीं ते प्रयोग पुन्हां केले, त्यांस तोच नियम मिळाला. शास्त्रांत मनुष्याच्या साधुत्वावर विसंबून कांहीं मानावयाचें नसतें. पुन्हां करून पाहावयाचें असतें. मेंडेल यांनीं आपली कृति इतकी स्पष्ट लिहून ठेविली कीं, ज्यास शंका असेल त्यानें वाटाणे पेरावे व मोजावे.

आतां आरंभींच्या दोन मापांकडे वळूं. निबंधांच्या संख्येनें मोजलें, तर मेंडेल हे संकराच्या क्षेत्रांत दोन निबंधांचे धनी. उल्लेखांच्या संख्येनें मोजलें, तर मरणाच्या दिवशीं त्यांची थैली जवळजवळ रिकामी, आणि नंतर ती इतकी भरली कीं मोजदाद कठीण. त्या भरतींतही सत्कार्य, दुष्कृत्य व निंदा हीं सर्व एकत्र. म्हणून हीं मापें निरुपयोगी आहेत, असें मात्र मला म्हणावयाचें नाहीं. फोके यांनीं तो ओझरता निर्देश केला नसता, तर विसरलेल्या अंकाकडे पुढच्यांची नजर वळण्यास आणखी किती वर्षें लागलीं असतीं कोण जाणे. उल्लेख हा रस्त्यावरील पाटीसारखा आहे. तो गांव दाखवितो, गांव वसवीत नाहीं. तसेंच दुर्लक्षित राहिलेला प्रत्येक मनुष्य मेंडेल असतो, अशीही कोणी समजूत करून घेऊं नये. मेंडेल यांचें मोठेपण दुर्लक्षांत नव्हतें, त्या ७,३२४ दाण्यांच्या मोजणींत होतें.

विद्यार्थीमित्रहो, परीक्षेचे निकाल लागले म्हणजे आपणांपैकीं कांहींचीं मनें आनंदानें फुलतात व कांहींचीं कोमेजतात. तें स्वाभाविकच आहे. अशा वेळीं दोन वेळां परीक्षेंत अपेशी झालेल्या त्या शिक्षकाची आठवण करावी. परीक्षकांनीं त्यांस नाकारलें, तरी दुसऱ्या दिवशीं बागेंतील कळ्या उमलावयाच्या थांबल्या नाहींत, आणि त्यांनींही चिमटा खालीं ठेविला नाहीं. आपल्या वांट्यास आलेला जमिनीचा पट्टा लहान असो वा मोठा. त्यांतील दाणे प्रामाणिकपणें मोजणें, आणि जो आंकडा येईल तोच लिहिणें, एवढें आपल्या हातीं आहे.